म्हैसूरच्या पायऱ्यांवर ट्रायथलॉनचा श्रीगणेशा

म्हैसूर म्हटलं, की मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेली यादी उभी राहते. राजवाडा आणि रविवारची त्याची रोषणाई, वृंदावन गार्डनची कारंजी, चामुंडेश्वरीचं दर्शन, रेशमी साडी, चंदनाचा साबण आणि परतीच्या पिशवीत तुपानं ओथंबलेला म्हैसूर पाक. दोन दिवसांत सगळं उरकतं आणि तिसऱ्या दिवशी गाडी उटीच्या रस्त्याला लागते. २०१४ पासून या शहराचं नाव कागदोपत्री म्हैसुरू झालं असलं, तरी आपल्या तोंडी बसलेलं म्हैसूर काही सुटत नाही.

पण पर्यटकांच्या बसगाड्या रस्त्यावर येण्याआधी, पहाटे साडेपाच ते आठ या वेळात, या गावाचं एक निराळंच रूप पाहायला मिळतं. तळ्याकाठी झपाझप चालणारे पेन्शनर, टेकडीच्या पायऱ्या अनवाणी चढणाऱ्या बायका, रुंद रस्त्यांवरून रांगेनं जाणारे सायकलस्वार, पोहण्याच्या तलावावर टॉवेल खांद्यावर टाकून आलेली शाळकरी मुलं. यजमानांच्या बदलीमुळे आमचं बिऱ्हाड इथं आलं, तेव्हा हे सारं मी बाल्कनीत चहा पिता पिता नुसतं पाहत होते. आता त्यांच्यातलीच एक झाले आहे. कारण सत्तेचाळिसाव्या वर्षी मी माझ्या पहिल्या ट्रायथलॉनची तयारी करते आहे.

हे प्रकरण काय आहे?

आधी पोहायचं, मग तसंच ओलेत्यानं सायकलवर बसायचं आणि सायकल ठेवून धावत सुटायचं. मध्ये विश्रांती नाही. कपडे-बूट बदलायला लागणारा वेळसुद्धा घड्याळात मोजला जातो. हे ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, ‘‘एक काही तरी धड करा की!’’

या खेळाचं वय तसं फार नाही. अमेरिकेत सॅन डिएगो इथं सप्टेंबर १९७४ मध्ये शेहेचाळीस जणांनी अशी पहिली शर्यत केली. १९७८ मध्ये हवाई बेटांवर ‘आयर्नमन’ सुरू झाली. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन! त्या पहिल्या वर्षी पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून ट्रायथलॉन ऑलिंपिकमध्येही आली. तिथली अंतरं मात्र आटोपशीर आहेत: दीड किलोमीटर पोहणं, चाळीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर धावणं.

नवशिक्यांसाठी त्याच्याही निम्मी अशी ‘स्प्रिंट’ शर्यत असते. ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. लेकीनं माझं नाव घातलं ते याच अंतरासाठी, मला विचारून आणि सोळा आठवडे हाताशी ठेवून. वार्षिक तपासणीत माझी साखर काठावर आलेली तिनं पाहिली होती. माझ्या आईचा मधुमेह आम्ही दोघींनीही फार जवळून पाहिला आहे. त्यामुळे ‘हो’ म्हणायला मला फारसा वेळ लागला नाही. भीती वाटली ती नंतर, रात्री अंथरुणावर पडल्यावर. मला पोहता येत नव्हतं!

कुक्करहळ्ळीच्या काठानं

सुरुवात सोप्याकडून केली. म्हैसूर विद्यापीठाच्या मानसगंगोत्री परिसराला लागून कुक्करहळ्ळी केरे आहे. ‘केरे’ म्हणजे तळं. मुम्मडी कृष्णराज वडेयर यांच्या काळात, १८६४ मध्ये ते बांधलं गेलं. भोवती झाडांच्या सावलीतली मातीची पायवाट आहे. कन्नडचे महाकवी कुवेंपु इथं फिरायला येत. ‘मालगुडी डेज’ लिहिणारे आर. के. नारायणही याच तळ्याभोवती फिरत. दूरदर्शनवर ती मालिका पाहत मोठ्या झालेल्या आमच्या पिढीला हे ऐकून उगाचच आपलेपणा वाटतो.

मातीची वाट गुडघ्यांना डांबरापेक्षा मऊ लागते. पहिले दोन आठवडे मी फक्त चालले. मग एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं, असं सुरू केलं. धावताना शेजारच्या बाईशी दोन वाक्यं बोलता आली पाहिजेत. बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला असं समजायचं. पाण्यावर पेलिकन पक्षी जहाजासारखे संथ तरंगत असतात. त्यांच्याकडे बघत धावलं, की आपणही संथच असावं असं वाटायला लागतं. दर आठवड्याला अंतर फार तर दहा टक्क्यांनी वाढवायचं आणि चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी करायचं, एवढा साधा हिशोब सांभाळला. दहाव्या आठवड्यात न थांबता पाच किलोमीटर झाले.

या तळ्याचं पाणी पोहण्याजोगं नाही, हे इथंच सांगून टाकते. पावसाळ्यात ते कितीही मोहक दिसलं तरी.

निधान, अम्मा, निधान!

मी सांगलीची. कृष्णा घराजवळून वाहायची. माझे भाऊ पाठीला सुका भोपळा नाही तर पत्र्याचा डबा बांधून सुट्टीत पोहायला शिकले. आम्ही मुली घाटाच्या पायरीवर त्यांचे कपडे सांभाळत बसायचो. पुढे संसारात पाण्याशी संबंध आला तो नळाच्या पाण्याशी.

म्हैसूरमध्ये पोहायला शिकायची सोय पुष्कळ आहे. सरस्वतीपुरममधला विद्यापीठाचा तलाव तर प्रसिद्धच आहे. मी घराजवळच्या एका तलावावर बायकांच्या तुकडीत नाव घातलं. शिकवणारे सर साठीचे, मितभाषी. त्यांना मराठी येत नाही, माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. पहिल्या दिवशी मी कठड्याला घट्ट धरून उभी होते. सर एवढंच म्हणाले, ‘‘निधान, अम्मा, निधान!’’

कन्नडमध्ये ‘निधान’ म्हणजे हळू, सावकाश. आपल्या मराठीत निधान म्हणजे ठेवा, खजिना. शब्द एकच, अर्थ दोन; आणि पाण्यात मला ते दोन्ही अर्थ एकच वाटायला लागले. जे सावकाश केलं, तेच गाठीला राहिलं.

सरांचा दुसरा मंत्र होता ‘उसिरु बिडी’. म्हणजे श्वास सोडा. नवशिका माणूस पाण्यात घाबरतो तो बऱ्याचदा श्वास घेता येत नाही म्हणून नव्हे, तर सोडत नाही म्हणून. आपण तोंड मिटून श्वास कोंडून धरतो. शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुदमरल्याची भावना होते ती मुख्यतः त्याच्यामुळे. मग डोकं वर काढून घाईघाईनं हवा घ्यायला जावं, तर छाती आधीच भरलेली असते! म्हणून पाण्यात तोंड घातलं, की नाकातोंडातून सावकाश बुडबुडे सोडत राहायचे. मान वळवली, की हवा आपसूक आत येते.

पहिला आठवडा मी फक्त बुडबुडे सोडले. दुसऱ्यात तरंगायला शिकले, तिसऱ्यात पाय मारायला, मग हात. सहाव्या आठवड्यात पंचवीस मीटर एका दमात झाले, तेव्हा पलीकडच्या कठड्याला धरून मी लहान मुलीसारखी हसले. ७५० मीटर म्हणजे पंचवीस मीटरच्या तलावात तीस फेऱ्या. एक झाली होती, एकोणतीस बाकी होत्या.

श्वासाचं हे शास्त्र या गावाला नवं नाही. इथल्या जगनमोहन राजवाड्यात १९३० च्या दशकात राजाश्रयानं टी. कृष्णमाचार्य यांची योगशाळा भरत असे. १९३४ मध्ये तिथं त्यांचा एक किशोरवयीन मेहुणा आला. मलेरिया, टायफॉइड, क्षय अशा दुखण्यांनी खंगलेला, अंगात बळ नसलेला. तीन वर्षांनी, १९३७ मध्ये, याच मुलाला योग शिकवायला पुण्याला धाडण्यात आलं आणि तो पुण्याचाच होऊन राहिला. ते म्हणजे बी. के. एस. अय्यंगार. २०१४ मध्ये वयाच्या पंच्याण्णवाव्या वर्षी पुण्यातच त्यांचं निधन झालं. दुबळ्या शरीरानं सुरुवात करायला लाजू नये, हे सांगायला म्हैसूर आणि पुणे या दोन गावांमधला याहून मोठा दुवा मला तरी माहीत नाही.

सायकल आणि रुंद रस्ते

म्हैसूरचे रस्ते रुंद आणि झाडांचे आहेत, त्यामागे मोठा इतिहास आहे. शहराची आखणी सुधारण्यासाठी १९०३ मध्येच इथं नगर सुधारणा मंडळ स्थापन झालं होतं. २०१७ मध्ये ‘ट्रिन ट्रिन’ नावाची सार्वजनिक सायकल योजनाही इथं सुरू झाली. त्यामुळे सायकलवरच्या प्रौढ बाईकडे इथं कुणी वळून पाहत नाही. साडी नेसून डेअरीत जाणारी बाई आणि हेल्मेट घालून सरावाला निघालेली बाई, दोघींनाही रस्त्यात सारखीच जागा मिळते.

पहिल्या शर्यतीसाठी लाखाची सायकल लागत नाही. आमच्या लेकीची कॉलेजातली गियरची सायकल दुरुस्तीवाल्याकडून नीट करून घेतली. ब्रेकचे रबर, साखळीचं तेल, टायरमधली हवा आणि सीटची उंची, एवढ्या चार गोष्टी पाहिल्या. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीट वर हवी. ती खाली असली की गुडघे दुखतात.

रविवारी पहाटे शहराबाहेरच्या रिंग रोडवर जायचं. अख्खी फेरी चाळीसेक किलोमीटरांची आहे. मला तिच्यातला वीस किलोमीटरांचा तुकडा पुरतो. मागे लाल दिवा, अंगावर उठून दिसणारा सदरा आणि डोक्यावर हेल्मेट, हे तिन्ही असल्याशिवाय आमचे ‘हे’ मला फाटकाबाहेर सोडत नाहीत. शर्यतीतही हेल्मेटचा नियम कडक असतो. आधी हेल्मेटचा पट्टा लावायचा, मगच सायकल स्टँडवरून उचलायची. उलट केलं तर दंड बसतो.

हजार पायऱ्यांची शाळा

चामुंडी बेट्टा, म्हणजे चामुंडीची टेकडी, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून थोडी जास्त उंच आहे. गाडीरस्ता आहेच, पण पायथ्यापासून देवळापर्यंत हजारावर दगडी पायऱ्याही आहेत. सतराव्या शतकात दोड्ड देवराज वडेयर यांनी त्या बांधवल्या. वाटेत एका अखंड शिळेतून कोरलेला भव्य नंदी बसला आहे. तो पंधरा-सोळा फूट उंच आहे आणि त्याच्या गळ्यातल्या घंटांच्या माळासुद्धा दगडातच कोरलेल्या आहेत.

मंगळवारी-शुक्रवारी पहाटे इथं भाविक बायका प्रत्येक पायरीला हळद-कुंकू लावत चढताना दिसतात. वाकायचं, बोट टेकवायचं, उठायचं, पुढची पायरी. त्यांच्यातल्या कित्येक जणी साठीच्या पुढच्या असतात. त्यांना कुणी खेळाडू म्हणत नाही. पण हजार वेळा वाकून हजार वेळा उठणं ही केवढी ताकद आहे, ते मी त्यांच्या मागून चढताना पाहिलं. त्या वर बघतच नाहीत. समोरची पायरी तेवढी बघतात.

मी इथं आठवड्यातून एकदा येते. चढताना धावत नाही, लयीत चालते. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, म्हणून उतरणं कठड्याच्या बाजूनं, हळूच. पायऱ्यांनी मांड्या भक्कम झाल्या आणि त्याचा उपयोग झाला तो ‘ब्रिक’च्या सरावात. ब्रिक म्हणजे सायकल संपवून लगेच धावायला सुरुवात करणं. पहिल्यांदा केलं तेव्हा पाय लाकडाचे झाल्यासारखे वाटले. गोल फिरायची सवय लागलेल्या पायांना एकदम टाच-चवडा आठवत नाही. पाच-सात मिनिटांत ते पूर्वपदावर येतात. हे माहीत असलं, की घाबरायला होत नाही.

ताटातलं आणि डब्यातलं

म्हैसूरला येऊन डाएटच्या पावडरी विकत घ्यायची गरज नाही. सरावाच्या आधी एक केळं. नंजनगूडचं रसबाळे मिळालं तर फारच छान. आल्यावर इडली-सांबार किंवा उपमा. दुपारी नाचणीचा ‘रागी मुद्दे’. आपल्या उकडीसारखा हा गोळा सारात बुडवून न चावता गिळायचा असतो. मला अजून ते जमत नाही, मी चावूनच खाते! रात्री दहीभात. म्हैसूर पाक महिन्यातून एक वडी, तीही चालून आल्यावर. तपासणीतली माझी साखर आता काठापासून थोडी मागे सरली आहे. डॉक्टर म्हणाले, ‘‘चालू ठेवा.’’ शर्यतीचं पदक मिळेल न मिळेल. हे पदक मिळालं आहे.

मोकळं पाणी

तलावात पोहणं आणि तळ्यात पोहणं, यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. तळ्यात तळ दिसत नाही, कठडा नाही, आजूबाजूला लोकांचे हात-पाय लागतात. ही भीती खोटी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. अमेरिकेतल्या तीस वर्षांच्या ट्रायथलॉनच्या नोंदींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलं, की अचानक मृत्यूच्या बहुतेक घटना पोहण्याच्या टप्प्यात घडल्या होत्या आणि त्यांत चाळिशीपुढच्या पुरुषांचं प्रमाण मोठं होतं. म्हणून नाव घालण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. आणि मोकळ्या पाण्यात एकट्यानं कधीही उतरू नये.

म्हैसूरच्या आसपास कावेरी सतत खुणावते. पण श्रीरंगपट्टणच्या काठाला ओढ फसवी आहे आणि जवळच्या रंगनतिट्टूला पक्षी पाहायला नावेतून जाल, तर खडकांवर ऊन खात पडलेल्या मगरी दिसतील. कावेरीचं दर्शन घ्यावं, सराव तिथं करू नये.

मोकळ्या पाण्याचा सराव आम्ही केला तो पांडवपुऱ्याजवळच्या तोन्नूर तळ्यावर, जाणकारांच्या गटाबरोबर, कमरेला तरंगता फुगा बांधून. इथं ट्रायथलॉन शर्यतीही भरल्या आहेत. नितळ पाण्यामुळे या तळ्याला ‘मोती तलाव’ असंही नाव पडलं. हे नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. १७७१ मध्ये थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत त्रिंबकराव पेठ्यांच्या फौजेनं हैदरअलीचा याच परिसरात पराभव केला होता. आज तिथं शांत डोंगर, खडक आणि निळं पाणी आहे.

पहिल्या दिवशी तीस मीटरांवर छाती धडधडू लागली. सरांनी शिकवलं होतं तसं उताणी झाले, आकाश पाहिलं, दहा श्वास सोडले आणि पुन्हा पालथी झाले. शर्यतीतही असं थांबायला मुभा असते. सुरक्षेसाठी ठेवलेल्या होडीला धरून विसावता येतं, फक्त तिच्या आधारानं पुढे सरकायचं नाही. हा नियम कळला तेव्हा मनावरचा अर्धा भार उतरला. सात-आठ हात मारून झाले, की डोळे पाण्यावर काढून समोरची एखादी खूण बघायची, म्हणजे दिशा चुकत नाही. त्या महिन्यात तिथं ७५० मीटर झाले. भीती गेली नाही. पण ती आता शेजारून पोहते, पाय ओढत नाही.

आपली माणसं या वाटेवर

मराठी माणसाला ही वाट परकी राहिलेली नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमन पंधरा तास एकोणीस मिनिटांत पूर्ण केली. मूळचे जलतरणपटू असलेले पुण्याचे कौस्तुभ राडकर अनेकदा आयर्नमन झाले आणि त्यांनी कित्येक नवशिक्यांना तयार केलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमन शर्यत झाली, तेव्हापासून महाराष्ट्रातले डॉक्टर, शिक्षक, पोलीस, गृहिणी अशी साधी माणसं या खेळाकडे वळली. मला लोखंडाचं व्हायचं नाही. ज्या वयात आईला जिना चढवत नव्हता, त्या वयात मला तो चढता यावा, इतकंच.

म्हैसूरला याल तेव्हा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. दसऱ्याच्या दहा दिवसांत गर्दी अफाट असते, तेव्हा मुक्कामाची सोय आधी करावी. मुंबई, पुणे, मिरज, बेळगाव या बाजूनं शरावती एक्सप्रेस सोयीची आहे. बंगळूरहून अंतर सुमारे १४० किलोमीटर. नव्या द्रुतगती मार्गाच्या मुख्य मार्गिकांवर ऑगस्ट २०२३ पासून दुचाकींना आणि सायकलींना मनाई आहे, हे सायकलवाल्यांनी लक्षात ठेवावं.

यादीतली ठिकाणं जरूर पाहा. फक्त एक सकाळ राखून ठेवा. गजर पाचचा लावा. मुलांना, आजी-आजोबांना घेऊन कुक्करहळ्ळीला एक चक्कर मारा, किंवा चामुंडीच्या पायऱ्या नंदीपर्यंत तरी चढा. दम लागला तर बसा. शेजारून जाणारं कुणी तरी हमखास हसून म्हणेल, ‘‘निधान!’’